आमच्याकडे कुणालाही छंद नाही

आमच्या घरात कुणालाही छंद नाही, हे आधीच सांगून ठेवलेलं बरं. पुढे जे काही वाचाल ती सगळी कामं आहेत. सासरी मला तसं बजावून ठेवलेलं आहे.

मी मूळची सांगलीची. आमच्याकडे माणसाला छंद असला तर तो चारचौघांत सांगतो. माझे वडील पोस्टाची तिकिटं जमवायचे, शेजारचे काका बुलबुलतरंग वाजवायचे, आणि दोघांनाही कुणी नावं ठेवत नसे. (बुलबुलतरंगाला ठेवायचे, पण तो वेगळा विषय आहे.) लग्न होऊन मी रत्नागिरीला आले. भाट्याचा पूल ओलांडून पावसच्या रस्त्याला लागलं की वाटेत एका पाखाडीच्या खाली आमचं घर आहे. पुढे अंगण, ओटी, पडवी, मागे विहीर, विहिरीच्या पाण्यावर पोसलेली नारळ-पोफळीची वाडी, आणि वर सड्याच्या उतारावर हापूसची कलमं. पहिल्याच चैत्रात सकाळी उठून बघते तर सासरे विहिरीच्या काठावर ओणवे होऊन आत बघत उभे. बराच वेळ झाला तरी हलेनात. मी घाबरून सासूबाईंना म्हटलं, "आई, बाबा असे काय बघतायत?" त्या तांदूळ निवडता निवडता म्हणाल्या, "काम करतायत."

तेव्हापासून मी या घरातली कामं बघते आहे.

कामांचा हंगाम शिमग्यानंतर सुरू होतो. रत्नागिरी शहरात बारा वाड्यांच्या भैरीची पालखी निघते, गावोगाव आपापल्या ग्रामदेवतेची निघते. पालखी अंगणात आली, नाचली, देवीची ओटी भरली, देव पुढच्या घरी गेले, की दुसऱ्या दिवसापासून घरातली माणसं एकमेकांना "आगोट जवळ आली" असं सांगायला लागतात. आगोट म्हणजे पावसाळ्याचा आरंभ. शिमगा असतो मार्चात. पाऊस येतो जूनमध्ये. मधल्या काळात कुणी निवांत बसलेला दिसू नये, यासाठी आगोटीचा धाक फार उपयोगी पडतो. कुणी कुठेही नाहीसा झाला आणि दोन तासांनी परत आला, की "आगोटीचं बघत होतो" एवढं म्हटलं की चौकशी संपते.

या मधल्या काळालाच पंचांगात वसंत ऋतू म्हणतात. वसंतावर ज्यांनी लिहिलं ते बहुधा रत्नागिरीला राहिले नसावेत. इथे पारा 34-35 च्या पुढे फारसा चढत नाही, त्यामुळे नागपूरच्या माणसापुढे तक्रार करायची सोय नाही. पण हवेत पाणी इतकं, की धुऊन वाळत घातलेला टॉवेल आणि अंग पुसलेला टॉवेल यांत संध्याकाळपर्यंत काही फरक राहत नाही. दुपारनंतर समुद्रावरून खारं वारं सुटतं, ते घाम वाळवत नाही, फक्त इकडचा तिकडे नेतं. कोकीळ गातो हे खरं आहे. तो उजाडायच्या आधीपासून गातो, त्याच त्या सुरात, आणि आपण खिडकी लावली की आवाज चढवतो. तो थांबला की कुटुरगा सुरू होतो. कुटुरग्याला थांबायचं कसं हे कुणी शिकवलेलंच नाही.

रत्नागिरीत काम नसलेला माणूस एकच होऊन गेला, तो थिबा राजा. ब्रह्मदेशच्या या राजाला इंग्रजांनी राज्य काढून घेऊन रत्नागिरीला आणून ठेवलं, ते 1886 च्या एप्रिलात. 1910 साली त्याच्यासाठी राजवाडा बांधून झाला आणि 1916 मध्ये तो इथेच वारला. तीस वर्षं राजाला इथे काही काम नव्हतं. आमचे काका, म्हणजे माझे चुलत सासरे, याबद्दल इंग्रजांना दोन बाबतींत दोष देतात. एक, माणसाला शिक्षा द्यायची तर ऐन आंब्याच्या दिवसांत रत्नागिरीला आणून चालत नाही. आणि दुसरं, इतकी वर्षं वर सड्यावर ठेवला, एक कलमाची बाग लावून दिली असती तर माणूस कामाला तरी लागला असता.

तर ही कामं. गेल्या मे महिन्यात त्यांची पहिल्यांदा लेखी नोंद झाली. नणंदेची मुलगी डोंबिवलीहून सुट्टीत आली ती शाळेचा प्रकल्प घेऊन. विषय होता 'माझ्या कुटुंबातील व्यक्ती आणि त्यांचे छंद'. वहीत पट्टीने चार रकाने आखलेले: नाव, नातं, छंद, छंदाचे फायदे. पोरगी सकाळी झोपाळ्यावर वही घेऊन बसली आणि जाईल येईल त्याला विचारायला लागली.

बाबा म्हणाले, "छंद? आम्हाला कुठला वेळ!"

काका म्हणाले, "छंद रिकामटेकड्यांना असतात. डोंबिवलीत असतील कुणाला तर बघ."

आत्या म्हणाल्या, "लिही, नामस्मरण." त्या वेळी त्या आमसुलं मोजत होत्या.

काकांचे थोरले चुलतभाऊ तात्या, त्यांनी आधी विचारलं, "मार्क किती आहेत याला?" दहा, असं कळल्यावर ते म्हणाले, "मग नको."

पु. ल. देशपांडे यांनी अंतू बर्वा लिहून ठेवल्यापासून रत्नागिरीतल्या प्रत्येक घराची अशी समजूत आहे की तो माणूस आपल्याच नात्यातला होता. आमच्याकडे ती समजूत तात्यांच्या बाबतीत आहे. तात्या स्वतः ती मान्य करत नाहीत आणि नाकारतही नाहीत.

पोरगी प्रामाणिक होती. कुणी छंद सांगेना, तेव्हा तिने छंदाच्या रकान्यात सगळ्यांपुढे 'नाही' लिहिलं आणि फायद्याच्या रकान्यात डोळ्यांनी जे दिसलं ते लिहिलं. पहिलीच नोंद अशी: 'आजोबा. छंद – नाही. फायदे – विहिरीत किती पाणी आहे ते कळते.'

आमच्या विहिरीबद्दल सविस्तर सांगायला हवं. रत्नागिरीत वर्षाला 3,000 मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. एवढा पाऊस बघणाऱ्या माणसांनी मे महिन्यात पाण्याची काळजी करावी, हे सांगलीत कुणाला सांगितलं तर खरं वाटत नाही. पण खाली जांभा दगड आहे. तो सच्छिद्र, वर उतार, आणि पलीकडे समुद्र. पडलेलं पाणी इथे मुक्काम करत नाही. म्हणून पाडव्यापासून मृगापर्यंत विहिरीचा तळ दिसतो की नाही, हा प्रत्येक घराचा खासगी प्रश्न असतो.

बाबांकडे त्यासाठी एक सुंभाची दोरी आहे. टोकाला जांभ्याचा गोटा बांधलेला, आणि वितीवितीवर गाठी. सकाळी चहाच्या आधी ते दोरी सोडतात. गोटा पाण्याला लागल्याचा आवाज आणि तळाला टेकल्याचा हिसका, या दोन्हींच्या मधल्या गाठी मोजायच्या. मग दोरी वर ओढून ओल कुठपर्यंत आली ते बोटांनी चाचपायचं. मग चष्मा लावून तेच पुन्हा बघायचं. आलेला आकडा कालनिर्णयाच्या पानाच्या मागच्या बाजूला, दुधाच्या हिशोबाखाली, लिहून ठेवायचा. जुनी कालनिर्णयं माळ्यावर आहेत. त्यांतून एखाद्या वर्षी रामनवमीला किती गाठी पाणी होतं हे सांगता येतं. ते कुणी विचारत नाही, पण विचारलं तर तयारी असावी.

दुपारी शेजारचे भाऊ येतात. तेही त्यांच्या विहिरीवरून आलेले असतात. दोघं ओटीवर बसतात. "तुमच्याकडे?" "आहे आपलं. तुमच्याकडे?" "बरं आहे." आकडा दोघांपैकी कुणीही बोलत नाही. कमी सांगितला तर कमीपणा, जास्त सांगितला तर उद्या कुणी पंप लावायला येईल. तासाभराने भाऊ उठतात. बाबा आत येऊन म्हणतात, "त्यांचं खाली गेलंय."

माझ्या नवऱ्याने मागे एकदा विहिरीला सेन्सर बसवला. पाण्याची पातळी मोबाईलवर दिसते, सेंटिमीटरमध्ये. त्याला वाटलं बाबांचा त्रास वाचेल. बाबांनी काही विरोध केला नाही. सेन्सर बरोबर आहे की नाही ते बघायला त्यांनी दोरी सोडली. सेन्सर बरोबर निघाला. त्या दिवशी ते नीट जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशीपासून त्यांनी सेन्सरची रोज तपासणी सुरू केली, आणि आता कालनिर्णयाच्या मागे दोन आकडे असतात.

विहिरीनंतर अंगण. आमच्या अंगणात एप्रिल-मे महिन्यांत पाय ठेवायला जागा नसते. एका कोपऱ्यात आत्यांची आमसुलं. रातांब्याची सालं वेगळी करायची, बिया आणि गर मिठात घालून आगळ काढायचं, त्या आगळात सालं बुडवायची, वाळवायची, पुन्हा बुडवायची, पुन्हा वाळवायची. सालं काळी होईपर्यंत हे चालतं. आत्या रात्री ती आत घेताना मोजतात आणि सकाळी बाहेर घालताना मोजतात. घरात आमसूल चोरून खाणारा कुणी नाही. तसा कुणी असला तर त्याची दया येऊन आत्याच त्याला एक देतील. तरी मोजतात.

दुसऱ्या कोपऱ्यात मिरकरवाड्याहून आणलेली सुकी मासळी, आणि तिच्यापासून मोजून तेवढ्याच अंतरावर मांजर. फणसाचे पापड, कुळीथ, लाल मिरच्या, आणि मधोमध, जिथे ऊन सगळ्यांत जास्त वेळ टिकतं तिथे, मोठ्या काकूंची साठं.

आंब्याचं साठं बाजारात मिळतं. रत्नागिरीच्या कुठल्याही दुकानात आंबापोळी म्हणून प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली मिळते आणि ती वाईट नसते. हे वाक्य मी इथे लिहिते आहे कारण काकू मासिकं वाचत नाहीत. काकूंचं म्हणणं, घरात रायवळ आंब्यांचा रस निघतो, तो वाया जाऊ नये म्हणून साठं घालावी लागतात. नाइलाज आहे. मात्र रस कमी पडला तर साठं पातळ होतात, म्हणून त्या शेजारून आणखी रायवळ मागवतात. मग तो रस जास्त होतो, म्हणून ताटं वाढवतात. मग ताटं पुरत नाहीत, म्हणून माझ्या लग्नातली स्टीलची ताटं येतात, जी मी अजून जेवायला वापरलेली नाहीत.

ताटाला तुपाचा हात फिरवायचा. रस गाळून, चवीपुरती साखर घालून, पातळ ओतायचा आणि ताट दोन्ही हातांनी हलकेच हलवून तो कडेपर्यंत न्यायचा. पळीने पसरलेला काकूंना चालत नाही, पळीच्या रेघा राहतात. संध्याकाळी वरची साय धरते. दुसऱ्या दिवशी त्यावर दुसरा थर, मग तिसरा. कड आधी सुटते आणि सुरीच्या टोकाने उचलली की थोडी वर येते. मधला भाग मात्र शेवटपर्यंत ओला राहतो आणि नेमकं तिथेच बोट लावून बघावंसं वाटतं. सगळी भानगड इथे सुरू होते. साठावर बोटाचा ठसा उमटतो आणि पुढचा थर ओतेपर्यंत तसाच राहतो. काकू वाकून ठसा बघतात, मग ओटीवर बसलेल्या पोरांची बोटं बघतात. ठसा नेहमी पोरांच्या बोटांपेक्षा मोठा निघतो. काकू काही न बोलता काकांकडे बघतात. काका वर्तमानपत्र उचलतात.

मुंग्या लागू नयेत म्हणून खाटेचे पाय पाण्याच्या वाट्यांत, कावळा बसू नये म्हणून वर जुनं धोतर, आणि धोतर वाऱ्याने उडू नये म्हणून त्याच्या चार टोकांना चार नारळ. इतकं करून राखणीला माणूस लागतोच. ते काम तात्यांचं. तात्या ऐंशीच्या घरातले, पडवीत बसतात. हाताशी काठी. काठीने ते कावळ्याला घाबरवतात, असं कावळ्याला सोडून सगळ्यांना वाटतं.

पण तात्या नुसते बसत नाहीत. नुसतं बसणं आमच्या घरात कुणाला परवडत नाही. ते हीर काढतात. वाडीत रोज एखादी झावळ गळून पडते. तिची पाती एकेक करून ओढायची, डाव्या पायाच्या अंगठ्यात टोक धरायचं, आणि छोट्या कोयतीने पातीचा हिरवा भाग एका फटकाऱ्यात हिरापासून वेगळा करायचा. पाती बंबात जाते, हीर पडवीत राहतो. मग हिराचा बुडखा तासायचा, शेंडा पारखायचा, वाकडा असला तर बाजूला टाकायचा. मुठीत मावेल एवढे झाले की जुडी जमिनीवर आपटून बुडखे एका पातळीत आणायचे आणि सुंभाने आवळून बांधायचे. एका खराट्याला तात्या तीन गाठी मारतात, आणि तिसरी गाठ सुटलेला खराटा या घरात कुणी बघितलेला नाही.

अडचण एवढीच, की झावळा रोज पडतात आणि खराटा वर्षभर टिकतो. घराला पुरून उरले, तेव्हा तात्यांनी शेजाऱ्यांना दिले. शेजाऱ्यांकडेही माड आहेत आणि त्यांच्या पडवीतही एक तात्या आहेत, त्यामुळे ते परत आले. मग पाहुणे. आमच्याकडून कुणीही रिकाम्या हाताने जात नाही: आंब्याची पेटी मिळेल न मिळेल, खराटा मिळतोच. मांडवी एक्स्प्रेसमध्ये वरच्या फळीवर खराटा दिसला तर तो माणूस आमच्याकडून निघालेला असण्याचा संभव आहे. पोरीच्या वहीतली नोंद: 'तात्याआजोबा. छंद – नाही. फायदे – आमच्या घरी बरेच खराटे आहेत. आम्ही सातव्या मजल्यावर राहतो.'

आंबा मात्र खरोखरच काम आहे, त्याची थट्टा मी करणार नाही. मोहोर टिकला तर तुडतुडे, तुडतुडे आवरले तर अवकाळी, त्यातून वाचला तर वांदर. डिसेंबरात नेपाळहून राखणीला माणसं येतात ती मे संपेपर्यंत कलमांत राहतात. आमच्याकडे दरवर्षी येणारा गडी आता इतकी अस्सल मराठी बोलतो की काकांशी भांडताना जिंकतो. फवारणी, काढणी, प्रतवारी, पेट्या, वाशीचा भाव. यात कुणाला मौज वाटत असेल तर त्याने एक हंगाम करून बघावा.

मौज असते ती आंबा तयार झाला की नाही, या वादात. इथे आंबा चौदा आणे तयार झाला की उतरवतात. चौदा आणे म्हणजे नेमकं किती, हे प्रत्येकाच्या आणेवारीवर आहे. काका देठाजवळचे खांदे बघतात, तिथे खळगा पडला की झालं. नवरा दापोलीच्या कृषी विद्यापीठाचा माणूस, शिकला तिथेच. तो विद्यापीठाने काढलेल्या नूतन झेल्याने देठासकट आंबा उतरवतो, बादलीत पाणी घेतो आणि आंबा सोडतो. तयार आंबा बुडतो, कोवळा तरंगतो. काकांचा आंबा तरंगला की काका बादली बदलायला सांगतात. दुसऱ्या बादलीतही तरंगला तर पाणी बोअरवेलचं आहे का ते विचारतात. यात सकाळची काढणीची वेळ निघून जाते, ऊन चढतं, आणि मग दोघंही विद्यापीठाच्या एका शिफारशीवर एकमत करतात, की उन्हात आंबा उतरवू नये.

विद्यापीठाचा 'रत्ना' नावाचा आंबाही आमच्याकडे आहे. नीलम आणि हापूस यांच्या संकरातून 1981 साली आला. फळ मोठं, रंग सुरेख, आणि हापूसला आतून साका होतो तो याला होत नाही. नवऱ्याने हौसेने कलम लावलं. काका त्या झाडाजवळून जाताना चष्मा काढतात.

काकांचं सरकारशी एक भांडण आहे. ऑक्टोबर 2018 मध्ये हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं ते रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर अशा पाच जिल्ह्यांना मिळून. काकांच्या मते यातली चार नावं छपाईची चूक आहे. पण हा विषय ते सासूबाई स्वयंपाकघरात असल्याची खात्री करून, हळू आवाजात काढतात. सासूबाईंचं माहेर देवगड. त्या आंब्याच्या चवीबद्दल बोलत नाहीत, माहेरची पेटी आली की ती ओटीवर, सगळ्यांना दिसेल अशी, उघडी ठेवतात, आणि आमच्या आढीतला आंबा कापून कुणी "कसा आहे?" विचारलं की म्हणतात, "गोड आहे." तेवढ्या दोन शब्दांवर काकांची दुपारची झोप जाते.

झोप गेली की काका फणस बडवायला जातात. झाडावर शिडी लावून, कान फणसाला टेकवून, बोटांनी ठोकतात आणि डोळे मिटून ऐकतात. फणस उद्या पिकणार असेल तर आवाज वेगळा येतो म्हणे. मला सगळे फणस एकाच आवाजात बोलतात. पण काकांनी "उद्या" म्हटलेला फणस उद्या पिकतो, हे मान्य करायला हवं. मग विळीला आणि हातांना तेल लावून तो फोडण्याचा समारंभ, बरका असला तर सांदणं, कापा असला तर प्रत्येकाने दुसऱ्याला "फार खाऊ नको" सांगत खाणं, आणि आठिळा राखेत घालून पावसाळ्यासाठी ठेवणं. त्या पावसाळ्यात खायच्या असतात. नवरात्रात सापडतात.

धाकटा दीर संध्याकाळी सड्यावर जातो. "कलमांना पाणी पोचतंय का बघून येतो," म्हणतो आणि अंधार पडल्यावर येतो. गुडघे काळे, हातात खराट्याचा तुकडा. (खराट्यांचा तेवढा तरी उपयोग.) तो कातळ झाडतो. मातीखाली कुठे चित्र निघतंय का, ते बघतो. याला घरात फार दिवस खूळ म्हणत होते. पण रत्नागिरीच्या सुधीर रिसबूड, धनंजय मराठे, डॉ. सुरेंद्र ठाकूरदेसाई या मंडळींनी अशीच पायपीट करून गावोगावच्या सड्यांवरची कातळशिल्पं शोधली, नोंदवली. उक्षीचा हत्ती, राजापूर तालुक्यातला कशेळीचा सुमारे 18 मीटर लांबीचा हत्ती आणि त्याच्या पोटात कोरलेले कितीतरी प्राणी, मासे, पक्षी. त्यांचं वय किती, यावर अभ्यासकांचं अजून एकमत नाही. 2022 मध्ये कोकणातली कातळशिल्पं युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत गेली. त्या दिवशी वर्तमानपत्र वाचून काका दिराला म्हणाले, "बघ, कामाला लागलं की असं नाव होतं."

एवढा प्रचंड हत्ती ज्याने कातळावर कोरला, त्याला त्याच्या घरच्यांनी "काय करतोस?" विचारलं असेल तर त्याने काय सांगितलं असेल, याचा मी कधीकधी विचार करते. मला खात्री आहे की त्यानेही आगोटीचंच नाव सांगितलं असणार.

मे महिन्याच्या शेवटी कामांचा कळस होतो. रोहिणी नक्षत्र लागतं, दुपारी ढग गोळा होतात, लाईट जाते, आणि घरातले सगळे पुरुष माना वर करून हिंडायला लागतात. हवामान खात्याचा अंदाज मोबाईलवर आलेला असतो. तो ते मोठ्याने वाचतात आणि मग कावळ्याचं घरटं बघायला जातात. कावळ्याने घरटं कुठल्या झाडावर, किती उंच, कुठल्या दिशेच्या फांदीवर बांधलं, यावरून पाऊस ठरतो. अडचण अशी, की आमच्या आवारात कावळे बरेच आहेत आणि त्यांचंही आपसांत पटत नाही. बाबांचा कावळा पूर्वेला, काकांचा पश्चिमेला. भाऊंच्या आवारातला कावळा तर यंदा मोबाईलच्या टॉवरवर गेला. त्याचं काय समजायचं, हे जुन्या जाणत्यांनी सांगून ठेवलेलं नाही. त्यावर ओटीवर चार संध्याकाळी गेल्या. मग एका सकाळी परसात नवरंग दिसला, हिरव्या-निळ्या पाठीचा आणि लाल पोटाचा. हा पक्षी पावसाच्या तोंडावर येतो, यावर मात्र घरात दुमत नाही. लगेच सगळी साठं आत, आमसुलं मोजून आत, मासळी आत, मांजर बाहेर.

प्रकल्पात माझी नोंद शेवटून दुसरी होती. मला कुणी काही विचारलं नव्हतं. 'मामी. छंद – आहे. सगळ्यांकडे बघत बसणे. फायदे – नाहीत.' घरात ही नोंद मोठ्याने वाचली गेली आणि कुणालाही तीत काही वावगं वाटलं नाही. "ती घाटावरची," आत्या समजुतीने म्हणाल्या, "तिच्याकडे चालतं." शाळा सुरू झाल्यावर वही तपासून आली. बाईंनी लाल शाईने शेरा दिला होता: 'माहिती चांगली. छंदाचा रकाना पूर्ण करावा.' दहापैकी साडेसहा. तात्यांना फोनवर कळवलं, तर म्हणाले, "साडेतीन कुठे गेले?" आणि कोयती उचलली.

तुम्ही यंदा मे महिन्यात रत्नागिरीकडे येणार असाल तर घरी या. साठं राखायला माणूस हवाच आहे, तात्यांची नजर आता पूर्वीसारखी राहिलेली नाही. आल्यावर "सुट्टीवर आलोय" असं मात्र बोलू नका. "आगोटीचं बघायला आलोय" म्हणा, चहा लवकर मिळेल. रेल्वेचं आरक्षण 60 दिवस आधी उघडतं आणि मे महिन्याच्या गाड्या बघता बघता भरतात, तेव्हा परतीचंही आत्ताच करून ठेवा. परतीला वरचा बर्थ मागा. खराटा खाली ठेवला, तर पनवेल यायच्या आत कुणीतरी त्याने डबा झाडायला घेतं.